परीक्षांच्या दिवसातलं निवांत महाबळेश्वर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही वाईकर, त्यामुळे महाबळेश्वरला जायचं म्हटलं की पुण्या-मुंबईच्या निम्म्या नातेवाइकांचे फोन आणि व्हॉट्सॲप आमच्याकडेच येतात. एप्रिल-मेबद्दल माझं उत्तर ठरलेलं असतं, येऊ नका. फेब्रुवारी-मार्चबद्दल मात्र दरवर्षी तेच तेच प्रश्न येतात, म्हणून ते इथे एकत्र लिहून ठेवलेत. पुढच्या वेळी फक्त लिंक पाठवणार, वाईट वाटून घेऊ नका.

१. हा जो निवांत काळ म्हणताय तो नक्की कधी ते कधी?

व्हॅलेंटाइनचा आठवडा संपला की सुरू आणि बोर्डाच्या परीक्षा संपेपर्यंत, म्हणजे साधारण फेब्रुवारीचा तिसरा आठवडा ते मार्चअखेर. दहावी-बारावीचे पेपर चालू असतात, गुजरातेतही त्याच सुमारास बोर्डाच्या परीक्षा असतात, आणि महाबळेश्वरच्या गर्दीत गुजराती कुटुंबांचा वाटा किती मोठा हे बाजारपेठेतल्या थाळीच्या पाट्या बघूनच कळतं. दोन्हीकडची पोरं अभ्यासाला बसली की गाव रिकामं. त्यातही सोमवार ते गुरुवार. शुक्रवार संध्याकाळपासून रविवार दुपारपर्यंत पुण्याच्या गाड्या येतातच, ते कुठल्याच महिन्यात चुकत नाही.

२. पण ऑफ-सिझन तर पावसाळ्यात असतो ना?

खरा ऑफ-सिझन तोच. वर्षाला ५,५०० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो इथे, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. पण हल्ली पावसाळ्यात पण शनिवार-रविवारी धुकं बघायला झुंबड असते, पसरणी घाटात गाड्यांची रांग लागते आणि पॉइंटवर जाऊन दिसतं काय तर समोर पांढरा पडदा. फेब्रुवारी-मार्चला कोणी ऑफ-सिझन म्हणून जाहिरात करत नाही, हॉटेलवाले 'जरा मंदी आहे' एवढंच म्हणतात. त्या मंदीतच यायचं. दरी दिसते, रस्ते कोरडे असतात, आणि बाजारात दुकानदाराला तुमच्याशी गप्पा मारायला वेळ असतो.

३. हवा कशी असते? स्वेटर लागतो का?

लागतो, पण सकाळी आणि रात्रीच. मार्चमध्ये दुपारी साधारण २८ ते ३० अंश आणि पहाटे १६-१७ च्या आसपास. फेब्रुवारीत दोन-तीन अंश कमी धरा. १,३७० मीटर उंची आहे, त्यामुळे सावलीत गार आणि उन्हात चांगलंच तापतं. दुपारी बारा ते चार टोपी न घालता पॉइंटवर उभं राहणारे पर्यटक संध्याकाळी डोकं धरून बसलेले असतात. वेण्णा लेकवर हिमकण पडल्याच्या बातम्या येतात त्या डिसेंबर-जानेवारीतल्या. त्या आशेने मार्चमध्ये येऊ नका.

४. यायचं कसं?

पुण्याहून साधारण १२० किलोमीटर. खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्याला वळायचं, वाई, मग पसरणी घाट, पाचगणी आणि पुढे वीसेक किलोमीटरवर महाबळेश्वर. स्वारगेटवरून एसटी आहेत, महिलांना निम्मं तिकीट आणि ७५ च्या पुढच्यांना फुकट, त्यामुळे आजी-आजोबांना घेऊन यायचं असेल तर एसटीचा विचार नक्की करा. या दिवसात जागा मिळते. मुंबईहून कोकणातून यायचं असेल तर पोलादपूर आणि आंबेनळी घाट. पावसाळ्यात दरडींमुळे नकोसा वाटणारा हा घाट आत्ता कोरडा असतो आणि दिसतोही सुंदर, फक्त वळणं पोटाला झेपतात का ते तुमचं तुम्ही ठरवा.

जाता जाता सांगतो, येताना वाईपर्यंत आणि घाटाच्या पायथ्याला पळस, पांगारा, काटेसावर फुललेले असतात. बाकी सगळा डोंगर पिवळा पडलेला आणि मध्येच लालभडक झाड. लोक एसी लावून काचा वर करून सरळ निघून जातात, मला फार राग येतो.

५. हॉटेल खरंच स्वस्त मिळतं का? आधी बुकिंग करावं की आल्यावर बघावं?

मधल्या वारी आलात तर मे महिन्याच्या मानाने बरंच स्वस्त. ॲपवर दर बघा आणि मग हॉटेलला थेट फोन करा, दोन रात्री राहणार म्हणालात की बहुतेक जण काहीतरी कमी करतात नाहीतर नाश्ता तरी धरून देतात. ऐनवेळी येऊनही खोली मिळते, पण बरोबर लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर बॅगा घेऊन फिरत बसू नका.

फोनवर तीन गोष्टी विचाराच. पहिली, रंगकाम किंवा दुरुस्ती चालू आहे का, कारण एप्रिलच्या सिझनआधी डागडुजी करून घ्यायची तर ती मार्चमध्येच होते, आणि निवांतपणासाठी यायचं आणि शेजारच्या खोलीत फरशी कापायचं मशीन ऐकायचं असं होऊ शकतं. दुसरी, गरम पाणी किती ते किती. तिसरी, चेक-आऊट कधी. इथे बऱ्याच ठिकाणी सकाळी नऊ-दहालाच खोली सोडावी लागते आणि दुपारी बाराच्या हिशोबाने आलेली माणसं सकाळी सकाळी रिसेप्शनवर भांडत असतात. गर्दी नसते त्या दिवसात विनंती केली तर तास-दोन तास वाढवूनही देतात.

६. सगळं उघडं असतं ना? का अर्धं गाव बंद?

उघडं असतं. बाजारपेठ, वेण्णा लेकची बोट, घोडे, गुरेघरचं मॅप्रो गार्डन, पॉइंटवरचे मक्याचे स्टॉल, सगळं चालू. फरक एवढाच की रात्री बाजार लवकर आवरतो. साडेनऊला जेवायला बाहेर पडायची सवय असेल तर मधल्या वारी पर्याय कमी मिळतील. आठला जेवा, सवय चांगली आहे.

७. लिंगमळा धबधबा बघायचाय, पाणी असतं का?

नसल्यातच जमा. फार तर बारीक धार, मार्च सरत आला की तीही नाही. चायनामन, धोबी यांचंही तेच. रील्समध्ये दिसतात ते धबधबे जुलै-ऑगस्टचे. कासची फुलंही ऑगस्ट-सप्टेंबरची, मार्चमध्ये कासला सपाट कोरडा सडा दिसेल. हे सगळं बघायचं ठरवूनच येणार असाल तर हा काळ तुमच्यासाठी नाही, स्पष्टच सांगतो.

८. मग दोन-तीन दिवस करायचं काय? पॉइंट तर एका दिवसात होतात.

होतात, आणि तोच घोळ आहे. टॅक्सीवाल्यांची महाबळेश्वर दर्शन, पाचगणी दर्शन, प्रतापगड दर्शन अशी ठरलेली पॅकेजं असतात, दराचा बोर्ड लावलेला असतो, आणि एका दमात दहा पॉइंट करून माणूस फोटो मोजत परत येतो. गर्दीत दुसरा इलाज नसतो. पण गाव रिकामं असताना पण तसंच धावायचं असेल तर इतक्या लांब येऊन फायदा काय.

मी पाहुण्यांना सांगतो ते असं. पहिल्या दिवशी पहाटे विल्सन पॉइंटला चालत जा. १,४३९ मीटर, महाबळेश्वरातली सगळ्यात उंच जागा, बाजारातून निवांत चालत गेलं तरी अर्धा-पाऊण तास. सूर्य वर आला की परत या, नाश्ता करा, आणि मग क्षेत्र महाबळेश्वर. लोक महाबळेश्वराच्या देवळात दर्शन घेतात, पंचगंगेच्या देवळात गोमुखातलं पाणी डोळ्याला लावतात (कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री अशा पाच नद्यांचा उगम इथे मानतात) आणि लगेच गाडीत बसतात. तसं न करता तिथून थोडंसं पुढे कृष्णाबाईच्या देवळात जा. काळ्या दगडाचं जुनं देऊळ, छतावर आणि खांबांवर शेवाळं चढलेलं, समोर कुंड, आणि गोमुखातून पडणाऱ्या पाण्याचा आवाज. ओट्याच्या कडेला उभं राहिलं की खाली कृष्णेचं खोरं थेट दिसतं. मेमध्येही इथे तुलनेने कमी लोक येतात, मार्चच्या मंगळवारी तर कधीकधी फक्त तुम्ही आणि एखादं कुत्रं. शिवाजी महाराजांनी १६६५ साली जिजाऊसाहेबांची सुवर्णतुला क्षेत्र महाबळेश्वरीच केली होती, हे पोरांना तिथे उभं राहून सांगा, पुस्तकापेक्षा जास्त लक्षात राहतं.

तिथूनच पुढे आर्थर सीटचा रस्ता. आता हा रस्ता गाडीने झपकन संपवू नका. दोन्ही बाजूला जांभूळ, हिरडा, पिसा अशा झाडांचं बुटकं दाट रान आहे, नवी पालवी तांबूस असते, आणि नशीब असेल तर अंजनी फुललेली दिसते. पानांमध्ये नाही, थेट फांद्यांना चिकटून निळ्या-जांभळ्या फुलांचे बारीक गुच्छ. ओळखलं नाही तर फांदीला कोणी रंग फासलाय असं वाटतं. वर कुर्टूक-कुर्टूक करत एक पक्षी दिवसभर ओरडत असतो, तो हिरवा तांबट, दिसत मात्र नाही पटकन. शेकरू पण दिसते, पण तुम्ही गाणी बंद केलीत तरच.

संध्याकाळी बॉम्बे पॉइंट. सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास असतो, सहाला जाऊन बसा. दुसऱ्या दिवशी काही ठरवू नका, नाहीतर प्र. ११ आणि १२ मधलं काहीतरी करा.

९. स्ट्रॉबेरी संपलेली असते का तोपर्यंत?

नाही हो, उलट मजा आत्ताच. रोपांची लागण ऑगस्टअखेर-सप्टेंबरमध्ये होते, फळ नोव्हेंबरपासून सुरू होतं आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतं. डिसेंबरचं फळ मोठं आणि देखणं असतं आणि भावही तसाच. मार्चमध्ये ऊन वाढतं तसं फळ बारीक होत जातं, बराच माल जॅम आणि सिरपसाठी कारखान्यात जायला लागतो, त्यामुळे रस्त्यावर भाव उतरतो. बारीक म्हणून नाक मुरडू नका, पूर्ण पिकलेलं असेल तर गोडीला कमी नसतं. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, पण बॉक्सवर काहीही छापलेलं असलं तरी फळ डोळ्यांनीच बघून घ्या.

बघायचं कसं: देठाजवळ पांढरं असेल तर कच्चं तोडलेलं. स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही, घरी ठेवून गोड होईल या आशेवर राहू नका, फक्त मऊ होईल. बॉक्स उलटा करून खालचा थर बघा, वर टपोरी आणि खाली चिरडलेली हा जुना खेळ आहे. आणि नाकाजवळ धरा. वास आला तर घ्या, नाही आला तर पुढच्या स्टॉलवर चला, गर्दी नसल्यामुळे चाखायला देतात आणि कोणी वसकन अंगावर येत नाही. तुतीही याच सुमारास येते, द्रोणात किंवा छोट्या डब्यात विकतात, ती तिथेच खाऊन संपवायची. घरी न्यायला गेलात तर शाई होते.

१०. शेतात जाऊन स्वतः तोडता येते का?

येते, बरेच शेतकरी देतात. मेटगुताड, अवकाळी, भिलार, कासवंड, या गावांच्या रस्त्यांना लागून शेतं आहेत. आधी विचारा, किलोचा भाव ठरवा, मग आत शिरा. मल्चिंग पेपर टाकलेल्या गादीवाफ्यावर पाय देऊ नका, दोन वाफ्यांमधल्या सरीतूनच चाला, खाली ठिबकच्या नळ्या असतात. फळ ओढायचं नाही, देठ नखाने खुडायचं. पोरांना हे आधी गाडीतच समजावून सांगा कारण शेतात गेल्यावर ती ऐकत नाहीत. सकाळी जा, उन्हात तोडलेलं फळ टिकत नाही.

११. चांगला मध कुठे मिळेल? खरा-खोटा कसा ओळखायचा?

घरगुती टेस्ट (पाण्यात थेंब, कागद जाळणे वगैरे) यांच्यावर माझा विश्वास नाही. त्यापेक्षा जिथे पेट्या आहेत तिथे जा. प्रतापगडच्या बाजूला मांघर गाव आहे, २०२२ मध्ये ते देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. घराघरात सातेरी मधमाश्यांच्या पेट्या. मार्चपासून जंगल फुलायला लागतं, माश्या कामाला लागलेल्या असतात, त्यामुळे पेटी उघडून दाखवायची विनंती करायला हा काळ चांगला. नवा मध मात्र बहुतेक एप्रिल-मेमध्ये निघतो, आत्ता मिळेल तो मागच्या हंगामातला असू शकतो, विचारून घ्या. थिजलेला मध म्हणजे भेसळीचा असं काही नसतं.

१२. भिलारला जाण्यात अर्थ आहे का? की नुसतं नाव?

वाचणाऱ्या माणसाला आहे, इतरांना अर्ध्या तासात कंटाळा येईल. ४ मे २०१७ ला 'पुस्तकांचं गाव' म्हणून सुरू झालं, गावातल्या घरांमध्ये विषयवार पुस्तकं ठेवलीत, कुणाकडे कविता, कुणाकडे इतिहास, कुणाकडे बालसाहित्य. पैसे नाहीत. लोकांच्या राहत्या घरात बसून वाचायचं असतं, चपला बाहेर काढा आणि मोठ्याने व्हिडिओ कॉल करू नका. सिझनला लोक पुस्तकांसमोर सेल्फी काढून निघून जातात. मार्चच्या दुपारी ऊन टाळायला (प्र. ३) यापेक्षा चांगली जागा मला तरी माहीत नाही, आणि पुस्तक निम्मं वाचून झालं की जेवणाचं पण तिथेच कुठेतरी विचारता येतं.

१३. आई-बाबा सत्तरीचे आहेत. झेपेल?

महाबळेश्वरात आरामात. बहुतेक पॉइंटला गाडी जवळपर्यंत जाते. पसरणी घाटात मळमळतं त्यांनी निघताना हलकं खाऊन पुढच्या सीटवर बसावं. गुडघे दुखत असतील तर प्रतापगड आणि आर्थर सीट सोडा, दोन्हीकडे पायऱ्या आहेत. केट्स पॉइंटला मात्र न्या, फार चालावं लागत नाही आणि खाली धरणाचं पाणी दिसतं. माकडांसमोर आईच्या हातात केळी देऊ नका. गर्दी नसली की खाऊ देणारी माणसं कमी, त्यामुळे माकडं जास्त धीट होतात असा माझा अंदाज आहे.

१४. मुक्काम पाचगणीत करावा की महाबळेश्वरात?

पाचगणी थोडी खाली आहे (सुमारे १,२९० मीटर), मोकळी, ऊन जास्त, टेबललँड चालायला मस्त. महाबळेश्वरात झाडी आणि गारवा. दोनच रात्री असतील तर महाबळेश्वर, आणि परत जाताना सकाळी टेबललँड. उलट करू नका, दुपारी दोनला टेबललँडवर सावलीला एक झाड नाही.

१५. वर्क फ्रॉम होम तिथून करता येईल?

बाजाराजवळच्या हॉटेलात येईल. दरीच्या बाजूच्या, जंगलातल्या रिसॉर्टमध्ये रेंज जाते, वीजही जाते. हॉटेलवाला 'वायफाय आहे' म्हणतो त्याचा अर्थ रिसेप्शनला आहे. खोलीत चालतं का, जनरेटर आहे का, असं स्पष्ट विचारा.

१६. पॉइंटवरून सगळं धुरकट दिसलं, पैसे वाया गेले का?

दुपारी गेला असणार. मार्चमध्ये हवेत धूळ असते आणि त्यात वणव्यांचा धूर, साताऱ्याच्या डोंगरांवर दर उन्हाळ्यात वाळलेलं गवत पेटतं, बहुतेक वेळा माणसामुळेच. दरी बघायची तर सकाळी नऊच्या आत. आणि कृपा करून सिगारेटचं थोटूक गवतात टाकू नका. एका थोटकाने अख्खी उतरण जाते, खाली पिल्लं आणि अंडी असतात, विझवायला गावातली पोरं झाडाचा पाला घेऊन धावतात.

१७. तुम्ही म्हणालात निवांत असतं, आम्ही गेलो तर तुफान गर्दी! असं कसं?

तारीख सांगा, मग बोलू. या काळात काही दिवस हमखास अपवाद असतात. १९ फेब्रुवारीला शिवजयंती, प्रतापगडला मशाली आणि ढोल घेऊन गावोगावची पोरं येतात, वातावरण भारी पण निवांत नाही. महाशिवरात्रीला क्षेत्र महाबळेश्वरात दर्शनाची रांग. होळी-धुळवड, पाडवा किंवा गुड फ्रायडे वीकेंडला जोडून आला की झालंच.

आणि एक बाहेरच्यांना माहीत नसतं ते म्हणजे रंगपंचमी. त्या दिवशी वाईजवळ बावधनला बगाड असतं, म्हणजे बैलांनी ओढायचा प्रचंड लाकडी गाडा, आणि बघायला हजारोंनी माणसं. साताऱ्याकडून पाचवडमार्गे वाईला येणार असाल तर त्या दिवशी अडकलातच समजा. एकतर आदल्या दिवशी घाट चढा, नाहीतर सरळ बगाडच बघायला या आणि महाबळेश्वर दुसऱ्या दिवशी करा. मी दुसरं सुचवीन.

१८. तापोळ्याला बोटिंग चालू असतं का?

असतं. पण तिथलं कोयना धरणाचं पाणी पावसाळ्यानंतर जसं काठोकाठ असतं तसं मार्चमध्ये नसतं, काठाला लाल मातीचा पट्टा उघडा पडतो. फोटोत कमी छान, हवेत निवांत. वासोटा किल्ल्याचा विचार असेल तर वन खात्याची परवानगी लागते, बामणोलीहून बोटीने पहाटेच निघावं लागतं, आणि जंगलात प्लॅस्टिकची मोजदाद होते. उन्हात ती चढण सोपी नाही, पाणी भरपूर घ्या.

१९. रात्री उशिरा घाट चढला तर चालेल?

चालेल, पण मी तरी टाळतो. गाड्या कमी म्हणजे रस्ता मोकळा असं वाटतं, आणि त्या मोकळ्या रस्त्यावर गवे येतात. काळ्या रस्त्यावर काळा गवा लाइट अंगावर पडेपर्यंत दिसत नाही. दिसला तर हॉर्न वाजवू नका, लाइट डीम करा, थांबा, एक गेला की मागून दुसरा येतो का बघा. अंधार पडायच्या आत पाचगणी गाठता आली तर उत्तम.

२०. परत जाताना स्ट्रॉबेरी मुंबईपर्यंत टिकेल का? मागच्या वेळी लगदा झाला.

डिकीत ठेवली असणार. निघायच्या दिवशी सकाळीच घ्या, आदल्या रात्री नको. धुवू नका, देठ काढू नका. बॉक्स एकावर एक दोनच्या वर रचू नका, पायाशी किंवा मागच्या सीटवर एसी लागेल अशा जागी ठेवा, आणि खंबाटकीला जेवायला थांबलात तर गाडी सावलीत लावा. घरी पोचल्यावर लगेच निवडून मऊ झालेली बाजूला काढा, एक सडकं फळ रात्रीत बाकीची घेऊन जातं. चांगली फ्रिजमध्ये न धुता, टिश्यू पेपरवर, दोन-तीन दिवस राहतात. मऊ काढलेल्यांचा त्याच रात्री साखर घालून मुरांबा लावा. एसटीने जाणार असाल तर बॉक्स मांडीवर, दुसरा उपाय नाही.